तीन मतदारांची निवडणूक

दुसरी गोळी यशच्या पोटरीतून आरपार गेली. पहिलीने तो राहायचा त्या ट्रेलरची, चाकांवरच्या घराची, खिडकी फोडली होती, आणि काय फुटलं ते बघायला तो दात घासता घासता पायरीवर आला होता.

विवेक पोचला तेव्हा रुही नवऱ्याचा पाय धरून किंचाळत होती आणि गुरुदत्तकाका शांतपणे टॉवेल फाडून पट्टी बांधत होते. काका सकाळच्या फेरीवरून नुकतेच परतले होते. जमिनीचा उतार मोजायचं त्यांचं जुनं वेड. यंत्राचा लांबडा कॅनव्हासचा थैला अजून खांद्यावरच होता.

"मांसातून गेलीय. हाड चुकवलंय," काका म्हणाले. "महिन्याभरात धावेल."

"मी आत्ताच धावणार आहे!" यश कण्हला. "यार विवेक, तू म्हणालास फ्री ट्रेलर, फ्री वायफाय, फक्त एक व्होट द्यायचं. गोळ्यांचं कुठे बोलला होतास?"

बोलणार कसा? प्लेनो शहराच्या उत्तरेला दोनशे एकर माळ, त्यावर विवेकला बाराशे घरं बांधायची होती. पाणी, गटारं, रस्ते आणायचे तर तिथे एक खास डिस्ट्रिक्ट, म्हणजे कर लावू शकणारा वेगळा विभाग, स्थापन करावा लागतो. डिस्ट्रिक्टने रोखे विकून पैसा उभा करायचा आणि पुढे घरं घेणाऱ्यांनी जन्मभर कर भरून तो फेडायचा. मंजुरी मात्र आज तिथे राहणाऱ्या मतदारांनी द्यायची. माळावर राहतं कोण? म्हणून बिल्डर ट्रेलर उभे करतात आणि आपली माणसं आणून ठेवतात. सगळं कायद्यात बसतं. विवेकने तीन माणसं ठेवली होती, आणि मतदान उद्यावर आलं होतं. ते हुकलं तर बँक माळ घेणार होती, आणि माळाबरोबर त्याचं राहतं घरही.

आधी टायर फाडले गेले, मग पंपाची शेड जळाली. आता रक्त सांडलं.

"हे डेलचंच काम," विवेक दात खात म्हणाला. डेल म्हणजे खालच्या अंगाचा गुरंवाला. तुझं पाणी माझ्या गोठ्यात शिरलं तर गोळी घालीन, असं तो भर सभेत गरजला होता.

"उतार त्याच्याकडेच आहे," काका एवढंच म्हणाले.

काकांचा विवेकला खरंच आधार वाटायचा. वडिलांचे जुने मित्र, चाळीस वर्षं याच राज्यात ड्रेनेजची डिझाइनं केलेली. विवेकच्या पहिल्या कॉलनीत त्यांनी घर घेतलं होतं. नाल्याचा पाइप अरुंद पडेल, असं त्यांनी तेव्हाच बजावलं होतं. पण पाइप एक नंबर लहान घेतला की बरंच वाचत होतं. तीन वर्षांपूर्वी पाऊस झाला आणि सुमेधाकाकू घरासमोरच्या रस्त्यावर, गाडीत, बुडून गेल्या. शंभर वर्षांतून एकदा येणारा पाऊस, असं म्हणत विवेक शोकसभेत ढसाढसा रडला. काकांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मतदार हवेत म्हटल्यावर काका आपणहून दोन बॅगा घेऊन राहायला आले. माणूस मोठ्या मनाचा, असं विवेक सगळ्यांना सांगायचा.

दुपारी विवेकने ट्रकमधला लोखंडी दांडा उचलला. डेल गुरांना पाणी पाजत होता. विवेकने काही विचारलंच नाही. पहिला घाव जबड्यावर बसला, दुसरा गुडघ्यावर. डेलचे दात हौदात पडले आणि पाणी लाल झालं. तो हात हलवून नाही, नाही म्हणत होता. विवेकने तो हातही मोडला. मग त्याला कसं हलकं हलकं वाटलं.

हे ऐकून काकांच्या हातातला चहा सांडला.

"डेलला? त्याला कशाला मारलंस रे?"

"काका, त्याची तीच लायकी होती! तुम्हीसुद्धा जाऊ नका फक्त. प्लीज." विवेकने त्यांना मिठी मारली. काकांच्या उजव्या खांद्याला बामचा उग्र वास येत होता.

"खांदा धरलाय जरा," ते म्हणाले. "मी कुठे जातोय? मत देऊनच जाईन."

हॉस्पिटलमधून रुहीचा मेसेज आला, आम्हाला परत फोन करू नकोस. विवेकने घाबरून वकिलाला विचारलं. एकच मत पडलं तरी चालतं, वकील म्हणाला. बहुमत ते बहुमत.

दुसऱ्या दिवशी काकांच्याच ट्रेलरमध्ये टेबल मांडलं. अधिकारी म्हणून आलेली बाई सकाळी सातपासून बसून होती. सात वाजून पाच मिनिटांनी काकांनी इस्त्रीचा शर्ट घालून मत दिलं. गुप्त मतदान, म्हणून पडदासुद्धा लावला होता. विवेक दिवसभर बाहेर वधूपित्यासारखा येरझारा घालत होता.

संध्याकाळी सातला, उन्हाळ्याच्या लख्ख उजेडात, पेटी उघडली. बाईंनी एकुलती एक मतपत्रिका उलगडली, चष्मा सारखा केला आणि वाचलं. बाजूने शून्य. विरोधात एक.

विवेकला आधी हसूच आलं. मग त्याने काकांकडे बघितलं.

काकांनी कॅनव्हासच्या थैल्यात हात घातला आणि दोन पितळी काडतुसं मतपत्रिकेशेजारी उभी करून ठेवली.

"ही उरली," ते म्हणाले. "वापरावी लागली नाहीत."