मागची अर्धी

"काका, आमचा दादा खरंच भारी खेळायचा, की गेला म्हणून सगळे तसं म्हणतात?"

प्रश्न तिचा नव्हता. दाराबाहेर एकमेकींना कोपरखळ्या मारत उभ्या असलेल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, की हे विचारायची तुझी हिंमत नाही. हिंमत नाही म्हणे! घरात तिला भोंगा म्हणायचे ते काय उगाच?

पूलच्या क्यू, म्हणजे टेबलावरचे बॉल मारायच्या लांब काठ्या, दुरुस्त करणाऱ्या काकांनी लाकूड कातायच्या लेथवरून मानही वर केली नाही. "बरा खेळायचा. पण घाई फार. हातातला सोपा बॉल सोडून अवघडाच्या मागे लागायचा आणि दोन्ही घालवून बसायचा."

बाहेर खसखस पिकली. तीही खळखळून हसली. दादा गेल्यापासून त्याला कुणी नावंच ठेवली नव्हती. कित्येक दिवसांनी तो तिला जसाच्या तसा आठवला.

तिने दप्तरातून टॉवेलची गुंडाळी काढली. आत दादाची क्यू होती. म्हणजे अर्धीच. मागची जाड मूठ, धरून धरून काळपट झालेली. पुढची निमुळती दांडी नव्हती.

"हिला नवी दांडी बसवून द्या ना. उद्या क्लबात माझी पहिली मॅच आहे. मी दादाच्याच क्यूने खेळणार!"

काकांनी लेथ बंद केला. मूठ हातात घेतली आणि नुसतीच धरून ठेवली.

"आईला विचारून आणलीस ना?"

"हो तर!"

विचारलं कुठे होतं? आईच्या कपाटात चादरींच्या मागे पडलेली होती ती. त्या मुठीकडे कुणी ढुंकूनही बघत नसणार, अशी तिची खात्री होती.

काका मूठ खाली ठेवून चष्मा शोधेपर्यंत तिने भिंतीवरची एक दांडी उचलून मुठीवर फिरवायलाही घेतली. दोन वेढे गेले आणि दांडी अडली.

"जरा जोर लावू?"

"अगं ए! ठेव खाली. जोर लावलास की आटे मेले. मग जन्मात कुठली दांडी धरणार नाही ती."

मुठीच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढी स्टीलची पिन बाहेर आलेली होती. काकांनी जुन्या टूथब्रशने तिचे आटे घासले. "दिसायला सगळ्या पिना सारख्याच. कुणाची जाडी वेगळी, कुणाचे आटे दाट, कुणाचे विरळ." त्यांनी कंगव्यासारखी एक दातेरी पट्टी आट्यांवर टेकवली आणि दिव्यासमोर धरली. फटीतून उजेड आला. त्यांनी दुसरी पट्टी लावली. आता उजेड आला नाही.

"ही तिची जात."

मग त्यांनी खणातून एक पांढरीशुभ्र दांडी काढली. ती बोटांच्या टोकांवर फिरत फिरत पिनेवर बसली, अगदी बिनआवाज. जोडावरून तिने नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

"कसली भारी!" तिने एक डोळा मिटून क्यूवरून थेट दारातल्या मैत्रिणींवर नेम धरला. "जुनी तुटली नसती ना, तर एवढा उपद्व्याप करावाच लागला नसता."

"तुटली? कोण म्हणालं?"

"बाबा."

काका स्टुलावर बसले. चष्मा पुसत राहिले.

"तुटली नव्हती, बाळा. धडधाकट होती. दादा गेला त्या सकाळी तुझी आई इथे आली होती, क्यू घेऊन. आजारपणात त्याने ती उशाशी जोडलेलीच ठेवली होती, एकदाही उघडली नव्हती. जोड घट्ट बसला होता. आई म्हणाली, एवढी उघडून द्या. पुढची अर्धी त्याच्याबरोबर जाऊ दे. मागची मला राहू दे, तिच्यावर त्याचा हात असायचा." त्यांनी मुठीवर, जोडाच्या जरा खाली असलेल्या एका ओरखड्यावर बोट ठेवलं. "हा माझा. पकड घसरली त्या दिवशी. एरवी कधी घसरत नाही."

मैत्रिणी हाका मारत राहिल्या आणि ती क्यू घेऊन पळत सुटली.

घरी सगळ्या चादरी जमिनीवर पडल्या होत्या. बाबा स्टुलावर चढून कपाटाच्या वर हात फिरवत होते. आई त्या पसाऱ्यात बसली होती.

"अहो, इथेच होती. रोज निजताना हात लावून बघते मी."

"सापडेल गं. जाणार कुठे?"

मग दोघांनाही ती दारात दिसली. हातात अख्खी क्यू.

बाबा हळूच खाली उतरले. आईने हात पुढे केला, तशी तिने क्यू दिली. आईचा तळवा मुठीवरून सरकत जोडापर्यंत गेला. पुढच्या पांढऱ्या लाकडाला जेमतेम लागला आणि मागे आला.

"छान बसलीये," आई म्हणाली. "खेळ हो उद्या हिनेच. मला काय, मी आपली नुसती..." तिने डोळे पुसले, हसायचा प्रयत्न केला आणि क्यू लेकीपुढे धरली.

लेक तिथेच चादरींवर बसली. दांडी उलटी फिरवू लागली. एक एक वेढा. दांडी सुटली, तशी तिने मूठ आईच्या मांडीवर ठेवली आणि आईचा हात उचलून तिच्यावर ठेवला.

"बाबा, तुम्हीपण ऐका," ती म्हणाली. भोंग्याचा आवाज फाटला होता, पण थांबला नाही. "उद्या मी क्लबातल्या क्यूने खेळणार. ही नवी दांडी माझी, हिला मूठ मी माझ्या हाताच्या मापाची करून घेणार. आणि दादाची क्यू अर्धीच राहणार."