दहाची चाल

"किती हाय?" पिराजीनं मागं न बघता विचारलं.

"धा," अंबूबाई म्हणाली.

स्कूटरचा काटा सातावर लोळत होता. सुनेची स्कूटर घ्यायची, पळणाऱ्या नवऱ्याच्या मागं मागं जायचं आणि त्यानं विचारलं की वेग सांगायचा, हे अंबूबाईचं रोजचं पहाटेचं काम. सणवार असो, ताप असो, त्या कामाला सुट्टी म्हणून नव्हती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, अंबूबाई गाडीवरून नवरा हाकते. हाकते कसली, फरफटत होती ती त्याच्या मागं.

राधानगरी रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. थंडी बोटांत शिरत होती. पुढं पिराजी पळत होता, सदुसष्ट वर्षांचा, अंगानं वाळल्या चिपाडासारखा. डावा पाय जरा ओढत होता. म्हाताऱ्यांच्या शर्यतीत याला जिल्ह्यात तोड नाही, असं लोक म्हणायचे. अलीकडं म्हणत नव्हते. त्यानं मात्र फेब्रुवारीतल्या शर्यतीला नाव देऊन टाकलं होतं.

चाल इतकी मंद, की गाडी कलंडायला लागली. अंबूबाईनं एक पाय टेकला, मग दुसरा, आणि रस्ता खरडत कसाबसा तोल सावरला. पाठीतून कळ गेली. दिवाळीपासून ही तिसरी चप्पल. सून क्रांती परवा म्हणालीच, "आत्ती, चपला खातासा काय?"

खरं तर एका शब्दाचं काम होतं. पिराजीनं स्वतःच घरात सांगून ठेवलं होतं की दहाच्या खाली आलो की त्या दिवशी बूट टांगीन, परत पळायचं नाव काढणार नाही. त्यासाठी सोप्यात दाराशेजारी एक खिळाही ठोकून ठेवला होता. आणि हा माणूस बोलला की बोलला. अंबूबाईनं नुसतं 'सात' म्हटलं असतं, तर उद्यापासून उन्हं अंगावर येईपर्यंत झोपायला मिळालं असतं. त्या झोपेचा तिला रोज मोह पडायचा आणि मोह पडला म्हणून स्वतःची लाजही वाटायची.

पण मागं गुडघा धरला होता तेव्हा पिराजी अख्खा पावसाळा घरात बसून होता. दोन घास खायचा आणि भिंतीकडं तोंड करून पडायचा. एकदा दुपारी त्यानं विचारलं होतं, "आता काय करायचं गं?" एवढा मोठा गडी, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता. तो प्रश्न अंबूबाईला परत ऐकायचा नव्हता. म्हणून दहा. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दूध डेअरीच्या वळणावर कॅन अडकवलेला एक सायकलवाला मागून आला आणि सहज पुढं निघून गेला. जाता जाता ओरडला, "काय तात्या, आज निवांत? म्हशी गेल्या की पुढं!"

"तू तुजी सायकल बघ, दूध सांडंल!" अंबूबाई कडाडली.

वळण घेऊन माघारी लागल्यावर पिराजीनं धापा टाकत पुन्हा विचारलं, "किती हाय?"

"धा. वारं आडवं हाय न्हवं, न्हाईतर साडेधा बी असतं."

वारं पडलेलं होतं. कडेच्या उसाचं पातंही हलत नव्हतं. पिराजी पुढं बघत पळत राहिला.

घरी आल्यावर तो पायरीवर बसला. नाड्या सोडायलाही बोटांत जीव नव्हता. अंबूबाईनं गाडी लावली, चपला काढल्या आणि चहा टाकायला आत निघाली.

"थांब जरा. अंगठा बघू."

तिनं पाय मागं घेतला, पण त्यानं बघायचं ते बघितलं होतं. अंगठ्याचं कातडं सोलवटून निघालं होतं. पिराजीनं तिची एक चप्पल उचलली, उलटी केली. तळ घासून पापडासारखा झाला होता, पुढं भोक पडलं होतं. त्यानं त्या भोकातून बोट घालून बघितलं.

"धाच्या चालीला गाडीवरनं पाय टेकावं लागत न्हाईत, अंबू."

अंबूबाईनं त्याच्या हातातली चप्पल ओढून घेतली. तिनं विचारलं, "कवापासनं ठावं हाय?"

"दिवाळीपासनं. मागं सारखी खरड-खरड. बहिरा हाय व्हय मी?"

गुडघ्यावर हात देत तो उठला आणि सोप्यात गेला, खिळा होता त्या बाजूला. अंबूबाईला वाटलं, झालं, संपलं. रोज पहाटे जे हवंहवंसं वाटायचं ते आता समोर आलं होतं आणि तिला रडू फुटत होतं.

पिराजी खिळ्याखाली वाकला. बाकड्याखालून त्यानं आपले गेल्या सालचे जुने बूट ओढून काढले, एकमेकांवर आपटून धूळ झाडली आणि तिच्या पायांजवळ आणून ठेवले.

"उद्या हे घाल. ढगळ हुतील. आत दोन-दोन मोजं घाल."

अंबूबाईनं पदरानं डोळे पुसले. "आनि वाटंत इचारलासा तर?"

तो परत पायरीवर बसून नाड्यांशी झगडायला लागला होता. "रोज काय सांगतीस?"

"धा."

"मग धाच."