पहिलं घमेलं

सिंधूबाईंनी काँक्रीटनं भरलेलं घमेलं उचललं, गॅलरीच्या सळ्यांपर्यंत नेलं आणि तसंच खाली ठेवलं.

खाली मिक्सर धडधडत होता. नारळ फुटला होता, घमेल्याला हळदीकुंकू वाहून झालं होतं, मांडवात रस्सा उकळत होता. कवठे येमाईत घर कुणाचंही असो, स्लॅबचं पहिलं घमेलं घरच्या मालकिणीनंच ओतायचं. ते पडल्याशिवाय दुसरं कुणी हात लावत नाही. त्यामुळं सगळी भावकी माना वर करून सिंधूबाईंकडं बघत होती, आणि बाई घमेल्याकडं.

"इंजिनिअर बघून जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मग वतते."

झालं! कॉन्ट्रॅक्टर दुसरातिसरा कुणी असता तर गोष्ट वेगळी होती. हा घरचा जावई. रोहिदास कालपरवापर्यंत रांजणगावला कंपनीच्या कामगारांची ने-आण करायला स्वतःची गाडी चालवायचा. मग ती विकून त्यानं स्लॅबखाली लावायच्या सेंट्रिंगच्या प्लेटा घेतल्या, जीप घेतली आणि जीपच्या काचेवर 'बिल्डर अँड डेव्हलपर' लिहून टाकलं. शिक्षण म्हणाल तर तेवढंच. शिरूरच्या एखाद्या इंजिनिअरला काम दाखवू या, असं सिंधूबाई पाया खोदल्यापासून म्हणत होत्या. पण त्यांचे मालक बाळासो ऐकतील तर शपथ. जावयाच्या कामावर परका माणूस आणायचा म्हणजे त्याला चारचौघांत खाली बघायला लावायचं, असं त्यांचं म्हणणं. सोसायटीच्या मीटिंगीत टेबल बडवणारे बाळासो जावई दारात आला की स्वतःची खुर्ची सोडतात, त्याला कोण काय करणार?

सिंधूबाईही गप्प बसल्या असत्या. पण सकाळी भाकरी थापताना त्यांची लेक शितल बोलून गेली. रोहिदासनं स्वतःच्या घरालाही अशीच पुढं गॅलरी काढली होती. ती झुकली. आता तिच्याखाली लाकडी टेकू दिलाय, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दिसू नये म्हणून त्याच्यावर साडी वाळत घातलेली असते. वाळली तरी काढायची नाही, असा रोहिदासचा हुकूम आहे. हे ऐकता ऐकता सिंधूबाईंची तव्यावरची भाकरी करपली. इथं तर गॅलरी ऐन उंबऱ्यावर येणार होती. तिच्याखालीच त्या कांदे निवडायला बसणार, तिथंच नातू येऊन खेळणार.

बाळासो शिडी चढून वर आले आणि लोक बघतायत, लोक बघतायत, एवढंच म्हणत राहिले. मिक्सरवाला भय्या खालून ओरडला, "अम्मा, माल जम जाएगा!" मांडवात कुणीतरी हसलं. चुलत जाऊ कुशाबाई मोठ्यांदा म्हणाल्या की बायामाणसाला सळईतलं काय कळतंय.

"कायबी कळत न्हाई," सिंधूबाई म्हणाल्या. "म्हणून तर कळणारा आणा म्हणते."

वरच उभा असलेला रोहिदास इतका वेळ फोनवर बोलतोय असं दाखवत होता. त्यानं फोन खिशात घातला.

"मामी, माझ्यावर भरवसा नसंल तर मी माणसं घिऊन निघतो. आन् तुमची लेकबी ठिवून घ्या."

बाळासोंनी हात जोडले, खरोखरच जोडले, बायकोपुढं. इतका वेळ ताठ उभ्या राहिलेल्या सिंधूबाईंनी मनाशी हिशेब केला. घर काय, पाडून पुन्हा बांधता येईल. लेकीचा संसार कुठं पाडून बांधता येतो? त्यांनी खाली वाकून घमेल्याच्या कडा धरल्या.

तेवढ्यात शितल वर आली. हाताला पीठ, कडेवर वर्षाचा शंभू. आईनं काही म्हणायच्या आत तिनं हळदीकुंकवाच्या त्या घमेल्यावर सरळ पाय दिला आणि नवऱ्याकडं बघितलं.

"ठिवून घ्यायला मी काय उरलेलं सिमेंटचं पोतं हाय व्हय?"

लग्न झाल्यापासून रोहिदासनं तिचा असा आवाज ऐकला नव्हता. खाली चल, म्हणाला. ती हलली नाही.

"आई वतंल. आत्ता वतंल," ती म्हणाली. "पर सेंट्रिंग काढायच्या दिवशी, समदे टेकू निघाल्यावर, तुम्ही ह्या गॅलरीखाली उभं ऱ्हायचं. ह्याला कडंवर घिऊन. कबूल असंल तर घ्या ह्याला."

आणि तिनं पोराला पुढं केलं. बाप दिसल्याबरोबर शंभू खुदकन हसला आणि दोन्ही हात पसरून त्याच्याकडं झेपावला.

रोहिदासनं गॅलरीच्या सळ्यांकडं बघितलं. मग खाली उंबऱ्याकडं बघितलं. पोरगं तसंच हात पसरून होतं. शितलचे दंड भरून आले, पण तिनं त्याला मागं घेतलं नाही. रोहिदासचा एक हात खिशात होता तो खिशातच राहिला, आणि दुसरा उगाच कपाळ पुसत राहिला.

शेवटी बाळासो पुढं झाले. त्यांनी नातवाला उचलून छातीशी धरलं, स्लॅबच्या कडेला आले आणि खाली बघून ओरडले,

"ए भय्या, मिक्सर बंद कर! माल जमतो तर जमू दे."