दारामागचा पाहुणा

“मामा, श्वास घ्या,” दिग्दर्शक म्हणाला.

“गप्प बस रे. ऐकेल तो.”

मामांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि खुर्चीतच अंग चोरून घेतलं. मामा तिथल्या कुणाचेच मामा नव्हते. ते दातांचे डॉक्टर होते, आणि या भीतीच्या व्हिडिओ खेळांच्या मालिकेचा पहिला भाग आला तेव्हापासूनचे खेळाडू. मालिकेचे चाहते त्यांचा शब्द मानत. त्यामुळे नवा भाग बाजारात जाण्याआधी कंपनी त्यांना बोलावून घेई.

ती समोर बसली होती. पडद्याची पाठ तिच्याकडे होती. खेळ बनवणाऱ्यांनी खेळणाऱ्याचा चेहरा बघायचा, पडदा बघायचा नाही, असा तिथला नियम होता. पडदा दिसला की तोंडून नकळत इशारा निघून जातो. दिग्दर्शकही तिच्याच बाजूला बसला होता.

नव्या भागातला पाहुणा तिने घडवला होता. आधीच्या भागांतली भुतं ठरलेल्या वाटेने यायची, ठरलेल्या वाटेने जायची. पाहुणा तसा नव्हता. खेळणारा कुठे घाई करतो, कुठे मागे वळून पाहतो, हे तो टिपून ठेवायचा. गाफील माणसावर झडप घालायचा. जपून खेळणाऱ्याला मात्र तो बहुधा दिसायचाच नाही. नुसता आसपास असायचा.

“अगं, तू दिवसभर करतेस तरी काय?” आई विचारायची.

“एकाला लपायला शिकवते.”

“आणि त्याला तीन वर्षं लागतात?”

दिग्दर्शकाचं म्हणणं आईहून फार वेगळं नव्हतं. “एवढा खर्च करून भूत बनवायचं आणि दाखवायचं नाही? म्हणजे नवरदेवाला नटवून कोठीच्या खोलीत कोंडायचं!” आज मामा कंटाळले, तर पाहुणा काढून टाकायचा आणि जुन्या पद्धतीचं, पाय आपटत येणारं भूत घालायचं, असं त्याने तिला सकाळीच सांगून टाकलं होतं.

म्हणून ती मामांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती.

मामांच्या वरच्या ओठावर घाम आला. अंगठा बटणावर थबकला. मान हळूच डावीकडे कलली, जणू खरोखरच कोपऱ्यापलीकडे डोकावता येणार होतं. मग त्यांनी हेडफोन काढला आणि रिमोट टेबलावर ठेवून दिला.

“पुरे. पाणी द्या.”

तिने ग्लास पुढे केला. तो त्यांनी एका दमात संपवला.

“तुमचा पहिला भाग म्हणजे माझा जीव की प्राण,” मामा म्हणाले. “कॅमेरा एका कोपऱ्यात खिळलेला. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, नुसती पावलं ऐकू येतात. गोळ्या कायम अपुऱ्या. आणि ती दारं! किती सावकाश उघडायची. पुढे कळलं की यंत्रच मंद होतं. पुढची खोली तयार होईपर्यंत आम्हाला दारात ताटकळत ठेवायचे. पण त्या दारांनी मला जेवढं घाबरवलं, तेवढं आतल्या भुतांनी नाही.”

“आणि मधले भाग?” दिग्दर्शकाने विचारलं.

“देखणे होते हो. पण माणसाच्या हातात एवढ्या बंदुका दिल्यावर तो कशाला घाबरेल? भूतच मला बघून पळत सुटायचं.”

दिग्दर्शक हसला नाही. मधले भाग त्याने केले होते.

“आणि हा?”

मामांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “माझ्या खुर्चीत बसलेला माणूस सुई टोचल्यावर फारसा ओरडत नाही. टोचायच्या आधी ओरडतो. तुमचा हा पाहुणा ते ओळखून आहे. घरातल्या धुण्याच्या खोलीच्या दारामागे उभा होता. मी सरकलो की सरकायचा, थांबलो की थांबायचा. त्याला फसवायला मी मुद्दाम नळ सोडला, तर पलीकडच्या खोलीतला पाइप वाजला. म्हणजे आधीच तिकडे जाऊन बसला होता लबाड! पहिल्या भागात वाट पाठ झाली की भीती संपायची. याची वाट पाठ करणार कशी?”

“पण तो दिसला का?”

“एकदाही नाही! तेच तर सांगतोय मघापासून.”

तिने मान खाली घातली. हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

“कुणी शिकवलं याला?”

दिग्दर्शकाने तिच्याकडे बोट केलं. मामा खुर्चीतून उठले.

“पोरी, हा पहिल्या भागाहून सरस आहे. हे माझ्या तोंडून निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.”

दिग्दर्शकाने टेबलावर बोटं वाजवली. मग म्हणाला, “ठीक आहे. हरलो. पाहुणा राहील. त्यात कुणी काडीचाही बदल करायचा नाही. आणि पुढचा भाग तू सांभाळ.”

आईला आधी फोन करावा की आधी थोडं रडून घ्यावं, ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात दार ढकलून वहिनी आत आल्या. त्या आवाज विभागातल्या सहकाऱ्याची बायको, म्हणून सगळ्या ऑफिसच्या वहिनी. खेळाचे सुटे भाग जोडून चालती प्रत तयार करणं हे त्यांचं काम. जिने चढून त्यांना धाप लागली होती.

“सुरू नाही ना केलंत अजून?” पेन ड्राइव्ह पुढे करत त्या म्हणाल्या. “आमच्या यांना सकाळी दारांचे आणि पाइपांचे आवाज तपासायचे होते, म्हणून मी नुसतं रिकामं घर जोडून दिलं होतं, तेच या यंत्रावर राहिलंय. ही घ्या खरी प्रत, हिच्यात पाहुणा आहे.”