कप्तानाचा रकाना

आम्ही नवराबायको छोट्या शिडाच्या नौकेतून बावीस दिवसांनी परक्या बंदराला लागलो, त्याला तीस वर्षं झाली. चार वर्षांनी दिसलेली लेक फाटकाबाहेर उभी होती, आणि तिची परतीची गाडी संध्याकाळीच होती. कस्टमचा साहेब म्हणाला, “तपासणी उद्या. तोवर फक्त कप्तान उतरेल, कागद घेऊन बाहेरच्या कचेरीत येईल.” माझा चेहरा पडला. हे मला सुकाणूला हातही लावू देत नसत. वाटेतल्या माशांनाही कप्तान म्हणून स्वतःची ओळख सांगत आले होते. यांनी अर्ज पुढ्यात ओढून कप्तानाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. “मग तुम्ही कोण?” साहेबाने विचारलं. “स्वयंपाकी.” “अहो, चहा तरी येतो का?” मी पुटपुटले. “उतरा कप्तान,” हे म्हणाले, “पोर ताटकळलीय.” साहेबाने हसून शिक्का मारला. कचेरी शंभर पावलांवर होती. आम्ही मायलेकी तासभर चालत होतो.