तारखाऊबद्दल दोन शब्द

"पोट आत घ्या," बायको म्हणाली आणि तिने पाठीवरची चेन मानेपर्यंत ओढली. वर हुक अडकवला. म्हाताऱ्याच्या अंगावर आता रबराचं हिरवं कातडं होतं. मुखवटा तेवढा चढायचा राहिला होता.

बाहेर पडद्यावर सिनेमा नुकताच संपला होता. आकाशातून उल्का पडते, तिच्यातून वीज खाणारा प्राणी निघतो, शहरभरच्या तारा चघळतो आणि शेवटी पेटत्या वीजघरात मरतो, असा तो जुना ‘तारखाऊ’. आता प्रेक्षक मतं मांडणार होते, आणि ती ऐकायला साक्षात तारखाऊ मंचावर बसणार होता. सिनेमाच्या पाट्यांमध्ये दैत्य झालेल्या माणसाचं नाव कुठेच नव्हतं, पण तारखाऊ कोण हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हाताऱ्याला सगळे ‘तारखाऊकाका’च म्हणत. त्यालाही ते गोड लागायचं.

"रडलीस की काय?" त्याने बायकोला विचारलं.

"घाबरले."

"म्हणून सांगत होतो, पाहू नकोस."

इतकी वर्षं त्याने तिला हा सिनेमा पाहू दिला नव्हता. तुला झोप लागायची नाही, म्हणायचा. तीही हट्ट धरत नसे. आज मंडळाच्या सेक्रेटरीने तिला मानाने पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, आणि चारचौघांत याला नाही म्हणता आलं नाही.

खरं तर तारखाऊ तिच्याच हातचा. स्टुडिओत कपडेपट ती सांभाळायची. मूळचं कातडं तिनेच बेतलं होतं आणि मंडळाच्या हौसेसाठी आजचं हे नवंही, जुन्याच मापाने. म्हाताऱ्याला ते खांद्यात काचत होतं. म्हातारपणी माणूस आक्रसतो म्हणतात, याचं उलटंच झालेलं दिसत होतं.

"दोनदा छाती ठोकली की उघड हं," तो म्हणाला.

"माहीत आहे."

ती स्टुडिओतली खूण होती. मुखवट्यातून आवाज बाहेर येत नसे. श्वास कोंडला की आतल्याने दोनदा छाती ठोकायची आणि चेनपाशी उभ्या असलेल्या माणसाने धावत जाऊन ती उघडायची. कॅमेरा चालू असताना उघडली तर रीळ वाया जायचं आणि दिग्दर्शक चेनवाल्याचा उद्धार करायचा, ते निराळं.

मुखवटा चढला. सेक्रेटरीने हाताला धरून मंचावर नेलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मुखवट्याच्या तोंडातल्या फटीतून म्हाताऱ्याला पहिली रांग दिसत होती, आणि तिच्यात जाऊन बसलेली बायको.

पहिले उठले दातांचे डॉक्टर. "दैत्य ठीक आहे, पण दात फार सरळ आहेत. तारा चघळणाऱ्याचे असे राहतील का?"

लोक खो खो हसले. म्हाताराही हसला, पण हसल्यावर श्वास पुरला नाही. आत भट्टी पेटली होती. इतकं उकडत असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

मग एक कॉलेजातली मुलगी म्हणाली, की शेपटी हलवणारी दोरी उघड दिसते आणि म्हणूनच तिला सिनेमा आवडतो. तिच्या मागच्याने माईक हिसकावला. तो सोडायलाच तयार नव्हता. माईक हाती आला की भल्याभल्यांना कंठ फुटतो.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत घाम उतरला. चेन बाहेरून कशी सोडवायची हे तो झोपेतही सांगू शकला असता. आतून त्याचा काय उपयोग? रबरी पंज्यांना बोटंच नव्हती. त्याने पंजा उचलला आणि दोनदा छाती ठोकली.

सभागृह उठून उभं राहिलं. शिट्ट्या वाजल्या.

"तेच! शेवटच्या प्रसंगातलं तेच!" भूगोलाच्या बाई ओरडल्या. "धुरात कोसळता कोसळता तो अशीच छाती ठोकत राहतो. माझ्या मते तो पृथ्वीचा निरोप घेतोय."

"छे हो," निवृत्त बसड्रायव्हर म्हणाला. "तो माफी मागतोय."

म्हाताऱ्याने पुन्हा ठोकली. या वेळी जोरात. तो ओरडलाही, पण ओरडणं रबरातच जिरलं. प्राण कंठाशी आले होते आणि समोर लोक मोबाइल उंचावून त्याचे फोटो काढत होते.

"या वयातही काय दम आहे बघा!" सेक्रेटरी माईकवर म्हणाला.

मग फटीतून त्याला बायको उठलेली दिसली. ती पायऱ्या चढून वर आली. त्याला रडू फुटलं. शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस. दुसऱ्या कोणाला कळणार होतं?

"या वहिनी, या!" सेक्रेटरी म्हणाला. "जोडीचा फोटो होऊ द्या."

ती मागे जाऊन उभी राहिली. मानेपाशी तिचं बोट हुकावर टेकलेलं त्याला जाणवलं. त्याने मान वाकवून दिली.

बोट तसंच राहिलं. मग ते बाजूला झालं, आणि ती मुखवट्याच्या कानाशी वाकली.

"चेनपाशी तुम्ही होतात. त्याने खूण केलीच नाही, असं सांगून तुम्ही माझ्याशी लग्न केलंत," ती हळू आवाजात म्हणाली. "आज पाहिलं. माझा पहिला नवरा जीव जाईपर्यंत छाती ठोकत होता."