बाबांचा मिस कॉल

आठ वाजून गेले तरी बाबांचा मिस कॉल आला नव्हता. मोबाइलवर लाल सूचना झळकली आणि संघमित्रानं फोन हातात घेतला.

नेरूळच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल हेच सध्या तिचं ऑफिस. मांडीवर तान्ही क्रांती, समोर लॅपटॉप. कंपनीचे शेकडो सर्व्हर कुठल्या कुठे, पण त्यांची सगळी देखभाल या एका स्क्रीनवरून चालायची. प्रत्येक सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने ‘मी आहे’ असा इशारा पाठवायचा. इशारा थांबला की तिची सिस्टीम त्याला आपोआप उठवायची, नाहीच उठला तर तिला हाक मारायची. माणसाने डोळ्यांत तेल घालून बसायला नको.

बाबांचीही तिनं तशीच सोय लावली होती. आई गेल्यापासून ते गावी, नावड्याला एकटेच राहायचे. “रोज सकाळी एक मिस कॉल द्या, म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहील,” असं तिनंच सांगितलं होतं. “बरं. तू उचलू नको, नुसता कट कर,” बाबा म्हणाले होते. पुढे क्रांती झाली. रिंग वाजली की ती दचकून उठायची आणि मग तासभर रडायची. म्हणून संघमित्रानं फोनलाच शिकवलं: बाबांचा कॉल आला की तूच कट कर, नाही आला तर मला सांग.

“बाबा आता आपल्याच सर्व्हरच्या ताफ्यात,” ती ऑफिसातल्या निशांतला म्हणाली होती.

“मग अपडेट कधी मारायचं त्यांना?” तो खो खो हसला होता.

आज हसू येत नव्हतं. ती फोन लावत होती, बाबा उचलत नव्हते. पुन्हा लावला. पुन्हा नाही. कानातल्या हेडफोनमध्ये निशांत बोलतच होता. सर्व्हरचं अपडेट चालू होतं, थोड्या थोड्या सर्व्हरची एकेक तुकडी पुढे जात होती.

“एक सर्व्हर नाटकं करतोय बघ. ‘मी आहे, मी आहे’ म्हणतोय, पण काम शून्य. पुढची तुकडी सोडू का?”

“सगळं थांबव. बाबा फोन उचलत नाहीयेत. मी नावड्याला निघाले.”

“अगं पण अर्धवट...”

“थांबव म्हटलं ना, निशांत!”

“जा तू. मी सांभाळतो.”

अंगावर परवाचाच गाऊन होता. केसांचा गुंता झालेला. नवरा बोटीवर नोकरीला, त्याच्या प्रत्येक मेसेजला ती ‘मस्त चाललंय’ एवढंच पाठवायची. बाथरूमचा नळ सोडून रडायची सवय लागली होती, ते कुणाला सांगायचं? गाऊनवर ओढणी टाकली, क्रांतीला कडेवर घेतलं आणि दार उघडलं.

दारात बाबा. एका हातात सुकटीच्या चटणीचा डबा, दुसरा बेलकडे गेलेला.

“बाबा! फोन कुठाय तुमचा? मिस कॉल का नाही दिला? जीव अर्धा झाला ना माझा!”

“थैलीत असंल. बसमध्ये कुठं ऐकू येतंय.” त्यांनी आधी नातीला घेतलं. मग कितीतरी वेळ लेकीच्या तोंडाकडं बघत राहिले. “अन् मिस कॉल देऊन करू काय? पहिल्यांदा तू जरा थांबून कट करायचीस. हल्ली रिंग जायच्या आतच कट. हा काय तुझा हात न्हाई.”

“अहो, ते ऑटोमॅटिक केलंय मी. तुम्ही ठीक आहात, हे कळतं मला त्यातनं.”

“तुला कळतंय गं,” बाबा म्हणाले. “पण तू बरी हाईस का, ते मला कसं कळायचं? त्याच्यासाठीच तर फोन करत होतो मी.”